सुरुवातीच्या बाइटांची साक्ष

न्यू जर्सीतल्या मरे हिल इथल्या बेल लॅब्जमध्ये १९७० च्या दशकाच्या आरंभी युनिक्स ही कार्यप्रणाली आकार घेत होती. तिच्या कर्त्यांनी तेव्हा ठरवले की फाइल म्हणजे बाइटांची एक ओळ, त्यापलीकडे काही नाही. तोवरच्या मोठ्या यंत्रांवर फाइल कोणत्या जातीची, तिच्यातली एकेक नोंद किती लांबीची, हे प्रणालीला आधीच कळवावे लागे. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी ती कटकटच काढून टाकली. पत्राचा मसुदा असो, सी भाषेतला स्रोत असो की चालवायला तयार असलेला प्रोग्रॅम, युनिक्सच्या लेखी सगळे सारखे. युनिक्स पुढे इतके पसरले त्यात या साधेपणाचा वाटा मोठा होता. पण फाइल समोर आली की ती कशाची आहे हे कुणी सांगायचे, हा प्रश्न मागे राहिला.

आज हाच प्रश्न प्रत्येक वेब अ‍ॅप्लिकेशनला दिवसभर पडतो. नोकरीच्या अर्जासोबत कुणी छायाचित्र चढवतो, कुणी सातबाऱ्याची पीडीएफ जोडतो, कुणी बँकेला सहीचा नमुना पाठवतो. पलीकडे रेल्स, जँगो, लाराव्हेल असे एखादे फ्रेमवर्क ती फाइल उघडून पाहते आणि स्वीकारायची की नाकारायची ते ठरवते. या पाहण्यामागे पन्नास वर्षांचा इतिहास आहे.

पहिली खूण सापडली ती एका वेगळ्याच गरजेतून. युनिक्स तेव्हा डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या पीडीपी-११ या यंत्रावर चालत होते. चालवायच्या फाइलच्या आरंभी सोळा बाइटांचा मथळा असे. सूचना किती लांब, डेटा किती लांब, असे आकडे त्यात असत. सुरुवातीच्या काळात हा मथळाही प्रोग्रॅमबरोबर मेमरीत चढे आणि प्रोसेसर अगदी पहिल्या शब्दापासून काम सुरू करी. मथळ्यातले आकडे त्याने सूचना समजून पाळले असते तर सारा घोटाळा झाला असता. म्हणून मथळ्याचा पहिला शब्द होता अष्टमान पद्धतीतला ०४०७. पीडीपी-११ च्या भाषेत त्याचा अर्थ ‘पुढचे सात शब्द ओलांडून जा’. मथळा आठ शब्दांचा, पैकी पहिला ही सूचनाच. उरलेले सात ओलांडले की खरा प्रोग्रॅम सुरू.

पुढे प्रोग्रॅम चढवण्याची रीत बदलली आणि त्या उडीची गरज संपली. आकडा मात्र जागीच राहिला. फाइलच्या तोंडाशी ०४०७ दिसले की ती चालवण्याजोगी आहे, अशी ओळख त्याच्यावरून पटू लागली. मग वेगळ्या बांधणीच्या प्रोग्रॅमसाठी ०४१० आणि ०४११ आले. अशा आकड्यांना ‘मॅजिक नंबर’ म्हणायची पद्धत युनिक्सच्याच वर्तुळात रुजली आणि जगभर गेली.

१९७३ च्या नोव्हेंबरात युनिक्सची चौथी आवृत्ती आली. तिच्यात ‘फाइल’ याच नावाची एक आज्ञा होती. तिला फाइलचे नाव द्यायचे. ती आतले सुरुवातीचे बाइट वाचून हा प्रोग्रॅम आहे, हा इंग्रजी मजकूर आहे, हा सी भाषेतला स्रोत आहे, असे सांगे. तिच्या जुन्या माहितीपत्रकातली एक कबुली आजही वाचण्यासारखी आहे. ही आज्ञा वारंवार चुकते, विशेषतः आज्ञांच्या यादीला ती सी प्रोग्रॅम समजते, असे तिथे स्पष्ट लिहिलेले होते. ओळख पटवण्याच्या कामात अंदाजाचा भाग असतो हे पहिल्याच पिढीने मान्य केले, आणि पुढच्या पिढ्यांनी ते विसरल्याची किंमत मोजली.

सुरुवातीला ही सगळी माहिती त्या प्रोग्रॅमच्या पोटातच लिहिलेली होती. नवा प्रकार आला की प्रोग्रॅम बदला. सिस्टिम फाइव्ह युनिक्सने ती बाहेर काढून वेगळ्या तक्त्यात ठेवली, आणि माझ्या मते या कथेतला हा सर्वांत फलदायी निर्णय आहे. कितव्या बाइटापासून पाहायचे, काय पाहायचे, सापडले तर काय म्हणायचे, एवढीच त्या तक्त्यातली एक ओळ. शून्याव्या बाइटापासून टक्क्याचे चिन्ह आणि ‘पीडीएफ’ ही अक्षरे असतील तर ‘पीडीएफ दस्तऐवज’ म्हणा. आता प्रोग्रॅमला हात न लावता कुणालाही या ज्ञानात भर घालता येऊ लागली. १९८६ च्या सुमारास कॅनडातले इयन डार्विन यांनी कुणाचाही मूळ स्रोत न पाहता ही आज्ञा नव्याने लिहिली आणि मुक्त केली. १९९० पासून क्रिस्टोस झुलास तिची देखभाल करत आले आहेत. लिनक्स असो वा मॅक, त्यावर आज चालणारी ‘फाइल’ ही आज्ञा याच वंशातली, आणि तिचा गाभा असलेली ‘लिबमॅजिक’ ही लायब्ररी असंख्य प्रोग्रॅम वापरतात.

दरम्यान वैयक्तिक संगणकांच्या जगाने दुसरीच वाट धरली. गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम प्रणालीत आणि तिच्या पाठोपाठ डॉसमध्ये फाइलच्या नावाला शेवटी तीन अक्षरांचे एक्स्टेन्शन असे आणि प्रकार त्यावरून ठरे. डब्यावर ‘साखर’ लिहिले की आत साखरच आहे असे मानण्याचा हा प्रकार. १९८४ च्या मॅकिन्टॉशने नाव मोकळे ठेवून फाइलच्या सोबत चार अक्षरांचा प्रकार आणि चार अक्षरांचा निर्माता अशा दोन खुणा जपल्या; ती रचना देखणी होती, पण फाइल दुसऱ्या यंत्रावर गेली की खुणा गळून पडत. एक्स्टेन्शनवरच्या भाबड्या विश्वासाचा मोठा फटका ४ मे २००० रोजी बसला. ‘आय लव्ह यू’ या नावाने जगभरच्या टपालपेट्यांत शिरलेल्या विषाणूच्या फाइलच्या नावात ‘टीएक्सटी’ होते आणि त्याच्यापुढे खरे ‘व्हीबीएस’. ओळखीची एक्स्टेन्शन लपवायची ही विंडोजची मूळ सेटिंग असल्याने लोकांना फक्त ‘टीएक्सटी’ दिसले आणि त्यांनी साधा मजकूर समजून प्रोग्रॅम चालवला.

फाइलचे नमुने ठरवणारे लोक मात्र पहिल्या बाइटांत आपली खूण ठेवू लागले होते. मायक्रोसॉफ्टच्या मार्क झ्बिकोव्स्की यांनी डॉसच्या प्रोग्रॅमांच्या आरंभी आपली आद्याक्षरे ‘एमझेड’ ठेवली. आजच्या विंडोजचा प्रत्येक प्रोग्रॅम त्याच दोन अक्षरांनी सुरू होतो. झिप फाइलच्या तोंडाशी असलेले ‘पीके’ म्हणजे तिचे जनक फिल कॅट्झ. १९८७ मध्ये कॉम्प्युसर्व्हने आणलेल्या जिफ चित्राच्या पहिल्या सहा बाइटांत नमुन्याचे नाव आणि आवृत्तीचे वर्ष वाचता येते.

पण या सगळ्यांत विचारपूर्वक घडवलेली खूण पीएनजीची. १९९४ च्या डिसेंबरात जिफमधल्या संक्षेपपद्धतीच्या पेटंटसाठी शुल्क आकारण्याची घोषणा झाली आणि त्या संतापातून पुढच्याच महिन्यात थॉमस बूटेल व इतरांनी नव्या चित्रनमुन्याचे काम सुरू केले. त्यांनी ठरवलेल्या आठ बाइटांतला जवळपास प्रत्येक बाइट एकेका संकटाचा विचार करून ठेवलेला आहे. पहिला बाइट १३७. त्या काळी काही मार्ग बाइटातले सातच बिट पुढे नेत. अशा वाटेने फाइल आली तर १३७ चा ९ होतो आणि बिघाड तिथेच पकडला जातो. शिवाय १३७ हे साध्या मजकुरात येणारे अक्षर नव्हे, त्यामुळे मजकुराशी गल्लत होत नाही. नंतर पी, एन, जी ही अक्षरे, माणसाला वाचता यावीत म्हणून. मग विंडोजच्या रीतीने ओळ संपवणारे दोन बाइट आणि अगदी शेवटी युनिक्सच्या रीतीने ओळ संपवणारा एक बाइट. पाठवताना कुठल्या प्रोग्रॅमने मजकूर समजून ओळींची टोके बदलली, तर या दोन जागांपैकी एक नक्की बिघडते. त्यांच्या मध्ये डॉसमधला ‘इथे फाइल संपली’ सांगणारा बाइट, म्हणजे कुणी चित्र चुकून मजकुरासारखे पडद्यावर उतरवले तर कचरा न सांडता ते थांबावे. आठ बाइटांत ओळखही आहे आणि प्रवासात फाइल धड राहिली की नाही याची तपासणीही.

फाइलच्या पोटात पाहणे आणि नावावर विश्वास ठेवणे, यांच्या जोडीला १९९२ मध्ये तिसरा मार्ग आला. ई-मेल तोवर फक्त साध्या इंग्रजी अक्षरांपुरती होती. बेलकोरचे नॅथानिएल बोरेनस्टाइन आणि इनोसॉफ्टचे नेड फ्रीड यांनी जून १९९२ मध्ये ‘माइम’ या योजनेचा मसुदा प्रसिद्ध केला. टपालातून चित्र, ध्वनी, इतर लिप्यांतला मजकूर जाऊ लागला तो या योजनेमुळे. आपण आज ई-मेलला फाइल जोडतो ती याच पायावर. प्रत्येक जोडणीसोबत पाठवणाऱ्याने तिचा प्रकार दोन भागांत सांगायचा: आधी मोठे कुळ, म्हणजे मजकूर, चित्र, ध्वनी, चलच्चित्र असे काही, आणि तिरकस रेघेपुढे नेमका नमुना. टिम बर्नर्स-ली यांच्या वेबने हीच पद्धत उचलली. वेबच्या अगदी पहिल्या, १९९१ च्या शिष्टाचारात, म्हणजे एचटीटीपीत, पानाखेरीज काही जातच नसे, त्यामुळे प्रकार सांगायची सोयही नव्हती. मे १९९६ मध्ये एचटीटीपीची १.० ही आवृत्ती कागदावर आली तोवर ‘कंटेंट-टाइप’ हा मथळा रूढ झाला होता. आता सर्व्हरने सांगायचे आणि ब्राउझरने ऐकायचे.

सर्व्हरला तरी कुठून कळणार? अपाचेसारख्या सर्व्हरांनी एक्स्टेन्शन आणि माइम प्रकार यांची एक यादी बाळगली. यादीत नाव सापडले नाही तर अपाचेची मूळ सेटिंग होती ‘साधा मजकूर’ असे सांगायचे. नवनवे नमुने येत होते आणि सर्व्हर सांभाळणारे यादी ताजी करत नव्हते. परिणाम असा की चित्रफीत किंवा झिप मागितली की पडद्यावर चिन्हांचा चिखल दिसे.

लोकांनी दोष दिला तो ब्राउझरला. मग ब्राउझरांनी सर्व्हरचे ऐकणे सोडले. इंटरनेट एक्सप्लोरर आलेल्या मजकुराचे पहिले २५६ बाइट स्वतः तपासू लागला आणि त्यांत एचटीएमएलच्या खुणा दिसल्या की सर्व्हर काहीही म्हणो, त्याला पान समजून दाखवू लागला. वापरणाऱ्याची सोय झाली, आणि त्याच दाराने धोका आत आला. समजा एखाद्या संकेतस्थळावर सदस्यांना आपले छायाचित्र चढवता येते. कुणी असे चित्र चढवले की ज्याचे पहिले काही बाइट चित्राचे आहेत, पण लगेच पुढे एचटीएमएल आणि जावास्क्रिप्ट आहे. संकेतस्थळाने तपासले, चित्र आहे म्हणून घेतले, चित्र म्हणून पाठवले. ब्राउझरने मात्र ते पान समजून चालवले, तेही त्या संकेतस्थळाच्याच नावाने. मग पाहणाऱ्याच्या खात्यात जे जे करता येईल ते त्या ‘चित्रा’ला करता येऊ लागले.

२००९ मध्ये अ‍ॅडम बार्थ, हुआन काबालेरो आणि डॉन साँग यांनी या विषयावर जो शोधनिबंध मांडला त्यातला दाखला विलक्षण आहे. परिषदांना येणारे शोधनिबंध स्वीकारून परीक्षकांकडे पाठवणारी ‘हॉटसीआरपी’ नावाची एक वेब प्रणाली आहे. बार्थ आणि सहकाऱ्यांनी दाखवले की पोस्टस्क्रिप्ट या दस्तऐवज-नमुन्याच्या नियमांत बसणारी, पण इंटरनेट एक्सप्लोररला पान वाटणारी फाइल निबंध म्हणून सादर करता येते. परीक्षकाने ती वाचायला उघडली की निबंध परीक्षकाच्याच खात्यातून स्वतःला उत्तम शेरा देतो. अशा दोन रूपांच्या फाइलींना त्यांनी सरड्याचे नाव दिले. विकिपीडियाने चढवलेल्या चित्रांत एचटीएमएल शोधणारी चाळणी लावलेली होती. तीही चुकवता येते, कारण ब्राउझर ज्या खुणा पाहतो त्यांतली एक चाळणीच्या यादीत नव्हती, हेही त्यांनी सिद्ध केले. ब्राउझरांचे अंदाज गुप्त होते आणि प्रत्येकाचे वेगळे होते. बार्थ यांनी ते उलगडून एक समान, उघड रीत सुचवली. क्रोमने ती स्वीकारली आणि पुढे तिचे प्रमाणीकरण झाले. त्या प्रमाणात आजही अपाचेच्या जुन्या चुकीसाठी स्वतंत्र कलम आहे: सर्व्हरने अमुक ठरावीक शब्दांत ‘साधा मजकूर’ म्हटले, तर ते खरेच मजकूर आहे का एवढेच पाहावे.

मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये आणखी एक उपाय जाहीर केला, ‘नोस्निफ’. सर्व्हरने हा शब्द असलेला मथळा पाठवला की ब्राउझरने अंदाज बांधायचा नाही. मार्च २००९ च्या इंटरनेट एक्सप्लोरर ८ मध्ये तो आला आणि कालांतराने सर्वांनी घेतला. रेल्सने २०१३ च्या चौथ्या आवृत्तीपासून तो न मागता पाठवायला सुरुवात केली, जँगोने २०१९ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून. २००९ ते २०१९ हे अंतर पाहिले की मनाला लागते. उपाय हाताशी होता, एका ओळीचा होता, आणि तरी तो प्रत्येक अ‍ॅप्लिकेशनपर्यंत आपसूक पोहोचायला दहा वर्षे गेली.

फ्रेमवर्कच्या आतली कथा आणखी गुंतागुंतीची. ब्राउझर फाइल चढवताना तिचा प्रकार सांगतो. पण तो बहुधा एक्स्टेन्शनवरून ठरवलेला असतो आणि खोटे सांगायचे ठरवलेला माणूस तिथे हवे ते लिहू शकतो. पीएचपीत लिहिलेल्या हजारो संकेतस्थळांनी वर्षानुवर्षे त्याच्यावरच विश्वास ठेवला. २००९ च्या पीएचपी ५.३ पासून लिबमॅजिकवर आधारलेली ‘फाइलइन्फो’ ही सोय मूळ संचातच मिळू लागली आणि सिम्फनी हे पीएचपीचे फ्रेमवर्क व त्याच्यावर उभे असलेले लाराव्हेल या सोयीचा आधार घेऊ लागले. लाराव्हेलमध्ये ‘जेपीजी किंवा पीएनजीच हवी’ असा नियम लिहिला की ते नाव न पाहता फाइलच्या आतले वाचते. त्याचा दुसरा पैलूही त्यांच्या माहितीपत्रकात नोंदलेला आहे: आत खरी पीएनजी असेल तर नावापुढे ‘टीएक्सटी’ असले तरी फाइल स्वीकारली जाते. जँगोने आपल्या सुरक्षाविषयक सूचनांत सांगून ठेवले आहे की पीएनजीचा खरा मथळा आणि पुढे घातक एचटीएमएल अशी फाइल चित्राच्या तपासणीतून सुटू शकते. कर्त्यांनी आपल्या साधनाची मर्यादा अशी उघड लिहावी, हे १९७३ च्या त्या माहितीपत्रकाच्या परंपरेला धरूनच झाले.

रेल्समध्ये बराच काळ ‘पेपरक्लिप’ या बाहेरच्या लायब्ररीचा बोलबाला होता. २०१४ मध्ये तिच्या चौथ्या आवृत्तीने नाव आणि पोटातला मजकूर जुळतो का हे तपासायला सुरुवात केली, आणि त्यासाठी ती सरळ युनिक्सची ‘फाइल’ ही आज्ञाच चालवी. हेतू चांगला होता. पण विंडोजवर ती आज्ञाच नसते, आणि कित्येक प्रामाणिक फाइली नाकारल्या जाऊ लागल्या. वर्डची नवी डीओसीएक्स फाइल आतून झिपच असते. एक्सेलची तशीच, अँड्रॉइडचे अ‍ॅपही तसेच, जावाचे जारही. सगळ्यांच्या तोंडाशी ‘पीके’. जुन्या तक्त्यांना त्यांतला फरक कळत नसे. ई-पुस्तकांच्या ईपब नमुन्याने हा पेच आधीच ओळखला होता. झिपमधली पहिली फाइल ‘माइमटाइप’ नावाची आणि न दाबलेली असावी, असा त्याचा नियम आहे. झिपचा मथळा तीस बाइटांचा, ‘माइमटाइप’ हे नाव आठ अक्षरांचे. म्हणून अडतिसाव्या स्थानापासून ईपबचा प्रकार सरळ वाचता येतो.

तपासणी न करण्याची किंमत मे २०१६ मध्ये पुन्हा दिसली. चित्रे लहानमोठी करण्यासाठी असंख्य वेब अ‍ॅप्लिकेशने ‘इमेजमॅजिक’ वापरतात. तो नाव पाहत नाही, आतले पाहून वागतो. जेपीजी म्हणून चढवलेल्या फाइलमध्ये प्रत्यक्षात चित्र काढण्याच्या सूचना असतील तर तो त्या पाळी, आणि त्यांत लपवलेल्या आज्ञा थेट सर्व्हरवर चालत. ‘इमेजट्रॅजिक’ नावाने गाजलेल्या या दोषावर दिलेला पहिला सल्ला होता: चित्र पुढे पाठवण्याआधी त्याचे मॅजिक बाइट तपासा.

एप्रिल २०१८ च्या रेल्स ५.२ मध्ये ‘अ‍ॅक्टिव्ह स्टोरेज’ आले आणि फाइल ओळखण्याचे काम फ्रेमवर्कच्याच अंगी आले. साठवणीत गेलेल्या फाइलचे पहिले चार किलोबाइट ते वाचते आणि ‘मार्सेल’ या छोट्या लायब्ररीला प्रकार विचारते. एचटीएमएल, जावास्क्रिप्ट, एसव्हीजी अशा ब्राउझरमध्ये चालू शकणाऱ्या गोष्टी निघाल्या तर त्या पुढे देताना केवळ बाइट म्हणून, उतरवून घेण्यासाठी देते. हा दुसरा भाग मला पहिल्याहून महत्त्वाचा वाटतो. ओळख चुकली तरी नुकसान होऊ नये, अशी ही रचना आहे.

पण मार्सेल स्वतः टेकले होते ‘माइममॅजिक’ या दुसऱ्या लायब्ररीवर. आणि माइममॅजिकचा तक्ता आला होता ‘शेअर्ड-माइम-इन्फो’ या प्रकल्पातून, ज्याच्यावर लिनक्सचे ग्नोम आणि केडीई हे दोन्ही डेस्कटॉप फाइलींची ओळख पटवतात. तो तक्ता जीपीएल परवान्याचा होता, म्हणजे तो सोबत घेणारे कामही त्याच परवान्याखाली वाटावे लागे. माइममॅजिक तो सोबत बाळगून एमआयटी परवान्याने वाटली जात होती, आणि रेल्सही एमआयटीचेच. मार्च २०२१ मध्ये तक्त्याच्या देखभालकर्त्याने ही विसंगती दाखवून दिली. माइममॅजिकच्या कर्त्याने चूक मान्य करून २४ मार्चला जुन्या आवृत्त्या मागे घेतल्या आणि नवी आवृत्ती जीपीएलखाली आणली.

त्या क्षणापासून जगभर रेल्स अ‍ॅप्लिकेशनांची नवी जुळणी थांबू लागली. प्रत्येक प्रकल्पाच्या कुलुपयादीत माइममॅजिकची जी आवृत्ती नोंदलेली होती, ती मिळेनाशी झाली. ज्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये फाइल चढवायची सोयच नव्हती तीसुद्धा अडली, कारण अ‍ॅक्टिव्ह स्टोरेज रेल्सच्या मूळ संचातच येत होते. चर्चा तापली, कुणी परवान्यांवर घसरले, कुणी एकट्या माणसांवर. रेल्सच्या चमूने दोन दिवसांत तोडगा काढला. २६ मार्च २०२१ रोजी ५.२.५, ६.०.३.६ आणि ६.१.३.१ अशा तीन आवृत्त्या एकदम प्रसिद्ध झाल्या; त्यांतल्या मार्सेलने माइममॅजिक सोडून अपाचे टिका या प्रकल्पाचा मोकळ्या परवान्याचा तक्ता घेतला होता. टिकाची कसोटी आधीच लागलेली होती. २०१६ मध्ये पनामा पेपर्सची १ कोटी १५ लाख कागदपत्रे शोधण्याजोगी करताना शोधपत्रकारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्याचा वापर केला होता.

या प्रसंगात लायब्ररीच्या कर्त्याला दोष देणे सोपे होते, आणि अन्यायाचे होते. हे तक्ते माणसे हाताने लिहितात. कुणीतरी अनोळखी नमुन्याच्या शे-दोनशे फाइली जमवतो, त्यांचे सुरुवातीचे बाइट एकमेकांशेजारी ठेवून पाहतो, सगळ्यांत सारखे काय ते शोधतो आणि एक ओळ लिहून पाठवतो. त्याचा पगार बहुधा कुणी देत नाही. लाखो अ‍ॅप्लिकेशने त्या ओळीवर उभी असतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये गूगलने खुला केलेला ‘मॅजिका’ हे काम शिकवलेल्या प्रारूपाकडून करून घेतो आणि खूण नसलेल्या मजकुरी फाइलींत तो उपयोगी पडतो. पण त्याला शिकवायला लागणारे नमुनेही आधी कुणीतरी ओळखून ठेवलेले असावे लागतात.

साध्या मजकुराला मॅजिक नंबर नसतो, आणि इथे ही कथा मराठीच्या दारात येते. १९९२ च्या सप्टेंबरात केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी रचलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइटांचे असते. पहिला नेहमी २२४, दुसरा १६४ किंवा १६५. इतकी ठसठशीत रचना की मथळा नसतानाही यंत्राला लिपी ओळखता येते. त्याआधीच्या मजकुराचे तसे नाही. १९९१ च्या भारतीय प्रमाणातल्या इस्कीत देवनागरी ‘क’ आणि गुजराती ‘ક’ यांना एकच आकडा होता. आणि फॉन्टच्या जोरावर चालणाऱ्या पद्धतींत तर इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी आकार बसवलेले होते. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी असो की कृतिदेव, त्यांत टंकलेला अग्रलेख कोणतेही फ्रेमवर्क आजही निर्धास्तपणे ‘इंग्रजी मजकूर’ म्हणून स्वीकारेल. फॉन्टचे नाव पेजमेकरच्या किंवा वर्डच्या फाइलमध्ये असेल तेवढाच पुरावा. मजकूर तिथून उचलून साध्या फाइलमध्ये ठेवला की तोही गेला.

नव्वदच्या आणि दोन हजारच्या दशकांतली मराठी वृत्तपत्रे, दिवाळी अंक, प्रकाशकांची पुस्तके, छापखान्यांतल्या लग्नपत्रिका, संस्थांची इतिवृत्ते यांचा मोठा भाग अशाच फाइलींत आहे. कोणत्या फॉन्टमध्ये कोणते आकार कुठल्या आकड्यावर होते, कोणती अक्षरजोडी हटकून यायची, हे ज्यांना हाताच्या सवयीने ठाऊक आहे ते अक्षरजुळणीकार अजून आपल्यात आहेत. ‘फाइल’चा तक्ता आणि टिकाचा तक्ता दोन्ही खुले आहेत, कुणीही नवी ओळ पाठवू शकतो. ज्यांच्याकडे जुन्या सीडी आणि हार्ड डिस्क पडून आहेत त्यांनी त्यांतल्या फाइली आजच उतरवून घ्याव्यात, प्रत्येक फोल्डरमध्ये फॉन्टचे नाव, प्रोग्रॅमचे नाव आणि वर्ष लिहिलेली एक साधी यूटीएफ-८ फाइल ठेवावी, आणि मराठी तरुण डेव्हलपरांनी त्या अक्षरजुळणीकारांशेजारी बसून ओळखीचे नियम लिहून काढावेत.